डोझरच्या तेलात पाणी

तळवस्ती, ता. वडवणी, जि. बीड
रविवार, ता. ९ मार्च २००३

तीर्थरूप सौ. आक्कास,

धाकट्या नाथाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे मी आणि गीता बरे आहोत. दाजींचा गुडघा कसा आहे ते कळवावे. युसूफ वडगावला तुमच्या बोअरला अजून पाणी आहे असे ऐकले, त्याचे समाधान वाटले. आमच्याकडे टँकरवर भागते आहे.

हे पत्र बंकटच्याच हाती देतो आहे. पाकीट डिंकाने चिकटवले आहे. ते दाजींकडून वाचून घे, बंकटकडून नको.

पोरगे अवेळी दारात उभे राहिलेले बघून तू घाबरशील. तसे काही नाही. त्याचा हातपाय मोडलेला नाही, कुणाशी मारामारी नाही. त्याला फक्त काही दिवस मशीनवरून उतरवले आहे. मी उतरवले म्हण, संस्थेने उतरवले म्हण, एकच.

आता नीट सांगतो. आमच्या जलसंधारण मजूर सहकारी संस्थेने लिलावात जुना डोझर घेतला हे तुला माहीत आहे. पाझर तलाव ह्या साली तळापर्यंत आटला. आटलाच आहे तर पावसाच्या आत त्यातला गाळ काढून घ्यावा, म्हणजे पुढल्या वर्षी तरी टँकरची वाट बघावी लागणार नाही, असा सगळ्यांचा विचार. माझे अर्धे आयुष्य माजलगावच्या धरणावर डोझरच्या सीटवर गेलेले, म्हणून मशीन माझ्या अंगणात, तेलाचे बॅरल माझ्या शेडात, आणि चालवायला माझा भाचा. खंडेनवमीला मी मशीनला हळदकुंकू लावले आणि आंघोळ करून, भाचा देवाच्या जागी म्हणून बंकटच्या पाया पडलो, मग त्याला वर बसवले. तेव्हा तो लाजून पाय मागे घेत होता. सगळे गाव हसले होते.

तर झाले असे की गेल्या आठवड्यापासून मशीन दगा द्यायला लागले. सकाळी गार असताना चालते. ऊन वर आले, तेल तापले, की इंजिन नुसते ओरडते आणि चाकाच्या जागची साखळी हलत नाही. पुढचा गेअर टाका, मागचा टाका, बैल जसा चिखलात बसतो तसे बसते. सकाळच्या गारव्यातच आम्ही ते हळूहळू घरी आणले आणि मी ते अंगणात बघायला घेतले.

तुला वाटेल, गेअर म्हणजे नुसते दात. ह्या जातीच्या मशीनमध्ये तेलाच्या दाबावर सगळा खेळ असतो. आधी मी तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. तेल मापापेक्षा वरच होते, पण रंग दुधाच्या चहासारखा. मग फिल्टर कापून उन्हात धरला. लोखंडाचा चुरा चमकला असता तर दात गेले असे समजायचे. काही चमकले नाही. मग गीताचा भाकरीचा तवा चुलीवर तापवला आणि त्यावर ते तेल थेंबभर टाकले. चांगले तेल गप धूर काढते. हे चुरचुरले, फोडणीसारखे उडाले. म्हणजे तेलात पाणी. गीता तव्यावरून माझ्याशी दोन दिवस बोलली नाही ती गोष्ट वेगळी. तू पाठवलेल्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या होत्या म्हणून तवा पुसून तरी झाला. इरकली लुगड्याइतकी चिंधी दुसऱ्या कशाची होत नाही, हे मी सगळ्यांना सांगतो.

पाणी आले कुठून, तर त्याला एकच वाट. गेअरचे तेल थंड करायला एक कूलर असतो. आतून तेल, बाहेरून रेडिएटरचे पाणी. चालवणाऱ्याने उष्णतेच्या काट्याकडे न बघता मशीन तापवले, की तो फुटतो आणि पाणी तेलात शिरते. हे मी सभेत सांगितले. मला विचारले म्हणून सांगितले. संस्थेचे चेअरमन आप्पाराव तुला माहीत आहेत, कसे बोलतात. ते म्हणाले, ‘‘का रं बंकट, काट्याकडं ध्यान न्हाई तुजं? गावाचं तळं हाय का तुज्या सासऱ्याचं शेत?’’

बंकट माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मामा म्हनत्यात तसंच आसंल.’’

तो काही भांडला असता तर मी त्याची बाजू घेतली असती. भांडलाच नाही. त्याआधी एकदा घरी तो म्हणाला होता, ‘‘मामा, समदं त्येल काडून टाकू, मग बगू.’’ त्यावर मी त्याला झापले, की आधी कारण शोधतात, मग तेल काढतात. असो.

त्याला रागावू नकोस. पोटभर जेवू घाल. शिकताना चुका होतात.

तुझा धाकटा भाऊ,
गहिनीनाथ


तळवस्ती
रविवार, ता. २३ मार्च २००३

तीर्थरूप सौ. आक्कास,

सा. न. वि. वि. तुझे पत्र दाजींच्या अक्षरात पोचले. होळी नावापुरती पेटवली, रंगपंचमी कोरडीच गेली. पोरांनी एकमेकांच्या तोंडाला नुसती राख फासली आणि संध्याकाळपर्यंत तशीच फिरली, कारण धुवायला आया पाणी देईनात.

तू लिहितेस की बंकट बोलत नाही, विचारले तर उठून जातो, आणि माजलगावकडे उसाच्या ट्रॅक्टरवर जाऊ का म्हणतो. त्याला सध्या थांबव. हंगाम आता संपत आला आहे, तिथे कोण त्याची वाट बघत बसले आहे.

आणि तू ते एक वाक्य लिहायला लावलेस ना दाजींना, ‘‘नाथा, तुज्या गावात प्यायला पाणी न्हाई आन मशीनच्या पोटात कुटून आलं?’’, ते मी वाचले. दोनदा वाचले. तुला मशीनमधले कळत नाही, हे तू स्वतःच लिहितेस. तरी पहिल्यांदा विचारायला हवे होते ते तूच विचारलेस.

रेडिएटरमधले पाणी कमी झालेले नव्हते. मागच्या पत्रात हे लिहायचे राहिले. कूलर फुटला असता तर वरचे पाणी घटले असते आणि त्यावर तेलाचा तवंग दिसला असता. दोन्ही नव्हते. तेव्हा मी मनाशी म्हटले, भोक बारीक असेल.

म्हणून कूलर उतरवून घेतला. तो तपासायची एकच खात्रीची रीत आहे. एक तोंड बंद करायचे, दुसऱ्या तोंडातून हवा भरायची आणि तो पाण्यात बुडवायचा. पंक्चर ट्यूबसारखेच. जिथे भोक, तिथे बुडबुडा. हवेसाठी वडवणीहून पंक्चरवाला त्याचे यंत्र घेऊन आला. आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण कूलर बुडेल एवढे पाणी कुणाकडे?

आप्पाराव म्हणाले टँकरमधून घेऊ. पण टँकर घरटी ठरवून वाटलेला. तुला माहीत आहे, टँकरची वाटणी माझ्याकडे आहे. मी माळकरी, खोटे बोलणार नाही म्हणून गावाने ती माझ्या हाती दिली. त्यातून काढायचे तर कुणाची तरी घागर रिकामी राहणार.

तेव्हा साखराबाई उठली. आमच्या पलीकडच्या घरातली, एकटीच असते, एक शेळी आहे तिला. घरी गेली आणि तांब्या घेऊन आली. वाटेत सांडू नये म्हणून वर तळहाताचे झाकण धरले होते. तिने तो माझ्या घंगाळात ओतला आणि म्हणाली, ‘‘तळ्यासाटी हाय, घ्या.’’ मग एकेक घरून यायला लागले. कुणी तांब्या, कुणी भगुणे, एकीने पोराच्या दुधाची बाटली धुवायला ठेवलेले वाटीभर पाणी. प्यायचे पाणी होते ते, आक्का. आंघोळी तर गावाने केव्हाच सोडल्या आहेत, आठवड्यातून एकदा अंग पुसतात. घंगाळ भरले. मी शेजारी उभा होतो. त्यातला एक थेंबही माझ्या घरचा नव्हता. गीता दारात उभी होती, ती माझ्याकडेच बघत होती.

कूलर बुडवला. हवा भरली. पाणी स्थिर होते. पंक्चरवाल्याने अजून हवा भरली. मी वाकून बघत राहिलो. बुडबुडा यावा म्हणून कुणी देवाला साकडे घातले नसेल, मी घातले. आला नाही. कूलर ठणठणीत आहे.

‘‘मग तात्या,’’ आप्पाराव मला म्हणाले, ‘‘पाणी आलं कुटून?’’

मी म्हटले, बघतो.

ते घंगाळातले पाणी कुणी सांडू दिले नाही, शेळ्यांना पाजले. गीता आजकाल माझ्या आंघोळीचे पाणी काढून ठेवत नाही. विचारले तर म्हणते, ‘‘तुमचं तुमी काडा.’’

आणखी लिहिण्यासारखे आहे, पण पत्र बसने पाठवायचे आहे, तिची वेळ झाली. बंकटला जाऊ देऊ नकोस. कारण सापडले की कळवतो.

तुझा,
नाथा


तळवस्ती
शुक्रवार, ता. ४ एप्रिल २००३

आक्के,

हे पत्र बंकटकडून वाचून घे. तो वाचताना मधले गाळायला बघेल, म्हणून दाजींना शेजारी बसव आणि त्यांना कागदावर नजर ठेवायला सांग.

मागच्या पत्रात लिहिले, कारण सापडले की कळवतो. कारण तेव्हाच सापडले होते. घंगाळात बुडबुडा आला नाही तेव्हाच कळले, कारण तेलात पाणी शिरायची दुसरी वाट माझ्या शेडातून जात होती. खरे सांगायचे तर पहिल्या पत्राच्या वेळीही मला ते ठाऊक होते की नव्हते, हे मलाच सांगता येत नाही. जाणत होतो, पण त्या बाजूला बघत नव्हतो. माणूस घरातल्या एखाद्या कोपऱ्यात बघायचे टाळतो तसे.

तुला माझी सवय माहीत आहे. आंघोळ, कपाळाला बुक्का, मग घास. लहानपणी तू माझी टर उडवायचीस, की डोक्यावर पाणी पडल्याशिवाय नाथ्याच्या पोटात घास जात नाही. दुष्काळात सगळे गाव पारोसे राहिले, मी राहिलो नाही. लोक म्हणायचे, तात्या एवढ्याशा पाण्यात कसे भागवतात कोण जाणे, नेम म्हणजे नेम. मी म्हणायचो, तांब्याभर पाण्यात देव पावतो. तांब्याभर नव्हते, आक्का. सगळ्यांच्या घागरी भरून झाल्या की मी टँकर संपला म्हणून सांगायचो. ड्रायव्हर आमच्याकडे चहाला बसायचा. मी मागे जायचो आणि तळात राहिलेले पाणी खालच्या तोटीने काढून घ्यायचो. घागरीत घेतले असते तर शेजारच्यांनी बघितले असते. म्हणून तेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये घ्यायचो. ते कॅन शेडात ओळीने असतात, त्यात कोण डोकावतो? एकदोनदा बायका कुरकुरल्या की पाणी आज कमी आले. मी म्हटले, टँकर गळतो.

एक दिवस मी असाच अर्धा भरलेला कॅन घेऊन शेडात शिरलो आणि मागून साखराबाई आली. काखेत रिकामी घागर. ‘‘तात्या, तळाला काई ऱ्हायलं आसंल तर बगा की, शेळी वरडायलीय.’’ माझ्या हातात कॅन, कॅनमध्ये पाणी. आक्का, माणूस घाबरला की त्याला केवढी अक्कल सुचते बघ. मी तो कॅन तेलाच्या बॅरलखाली धरला आणि तोटी सोडली. म्हटले, संपला टँकर, मी तेल भरतोय मशीनला. तिने मान हलवली आणि गेली. मी तेल पाण्यावर पडताना बघत होतो.

तो कॅन बाजूला काढून ठेवायचा होता. ठेवला नाही. तेल फुकट जाईल, निवांत झाल्यावर वरचे तेल वेगळे करू, असा विचार केला. दुसऱ्या सकाळी बंकटने मोरीच्या दाराशी येऊन विचारले, मामा, तेलाचा कॅन कोणता घेऊ? मी आत आंघोळीला बसलो होतो. अंगावर पाणी घेता घेता ओरडलो, बॅरलजवळचा घे.

एवढेच झाले. तेल वर, पाणी खाली. तो ओतताना आधी तेल पडले असेल आणि शेवटी पाणी.

हे मी कुणाला सांगणार नव्हतो, हेही लिहून टाकतो. मशीन दुरुस्त करायचे, कारण कळले नाही म्हणायचे, जुने आहे म्हणायचे, आणि पाऊस पडल्यावर बंकटला परत बोलवायचे, असे मी ठरवले होते. गेअरमधले सगळे तेल काढले, फिल्टर बदलला, थोडे नवे तेल घालून मशीन जागच्या जागी फिरवले, तेही काढून टाकले आणि पुन्हा नवे भरले. नशीब म्हणून आतल्या क्लचच्या चकत्या जळल्या नव्हत्या. बंकटने ऐन वेळी मशीन थांबवले म्हणून जळल्या नव्हत्या. भर उन्हात मी अंगणात पुढे मागे करून बघितले. साखळी फिरली. गीताने बघितले आणि आत गेली.

मग किती तेल लागले ते बघायला, कॅन मोजायला शेडात गेलो. भिंतीकडच्या ओळीत एका कॅनच्या मुठीला चिंधी बांधलेली दिसली. तांबडी. मी आधी बघितलीच नव्हती, कारण त्या कॅनकडे मी जातच नव्हतो. तुझ्या इरकली लुगड्याचा काठ होता तो. गाठ बंकटची, दुहेरी मारून टोक आत खोचलेली, मीच शिकवलेली. तो कॅन डिझेलने धुऊन पालथा घातलेला होता आणि त्याचे झाकण शेजारी.

म्हणजे त्याला कळले होते, ओतताना नाही तर कॅन धुताना तरी. पुन्हा कुणी चुकून त्या कॅनमध्ये तेल घेऊ नये म्हणून त्याने खूण केली. मशीन माझ्या अंगणात आले आणि बंकट तुझ्याकडे गेला, त्याच्याही आधी. म्हणजे सभेत आप्पाराव त्याला विचारत होते आणि तो माझ्याकडे बघत होता, तेव्हा सगळे त्याच्या तोंडाशी होते. समदं त्येल काडून टाकू, असे तो मला म्हणाला होता ते कारण माहीत नव्हते म्हणून नाही. माझी लाज आणि मशीन, दोन्ही एकदम वाचवायला बघत होता. मी त्याला झापले.

मी कॅनशेजारी खाली बसलो. गीता येऊन दारात उभी राहिली. मी म्हटले, तुला कधी कळले? म्हणाली, ‘‘तव्यावर चुरचुरलं तवाच. पर म्या वाट बगत हुते, तुमी कवा सांगताय त्याची.’’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

परवा पाडवा झाला. मशीन परत तळ्यावर न्यायचे ठरले होते. मारुतीच्या पारासमोर सगळे जमले. आप्पारावांनी माझ्यासाठी हार आणला होता, नारळ माझ्या हातून फोडायचा होता. मी कॅन घेऊन गेलो, चिंधीसकट. नारळाच्या जागी मशीनपुढे तो ठेवला आणि मी तुला वर लिहिले तेवढे सगळे तिथे बोललो. बोलताना माझी नजर मातीतून वर उठत नव्हती. कुणी शिव्या दिल्या नाहीत. लोक शिव्या देत नाहीत तेव्हा किती वाईट असते ते मला त्या दिवशी कळले.

आप्पाराव जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘‘तात्या, कशाला चव्हाट्यावर मांडताय? मशीन सुरू झालं न्हवं? मिटवून टाकू.’’ तेवढ्यात साखराबाई पुढे आली. तिने कॅन उचलून बघितला, हलवून बघितला.

‘‘म्हंजी त्या दिशी यात पाणी हुतं?’’

मी हो म्हटले.

‘‘शेळी रातभर वरडली माजी. म्या तिला म्हनलं, बाई, तात्यांकडंबी न्हाई, तर कुनाकडं आसनार?’’

मग ती आप्पारावांकडे वळली. ‘‘टँकरची वाटनी आता माज्याकडं द्या. आन तात्यांची घागर सगळ्यात शेवटी.’’

ते तिथेच ठरले. हार आप्पारावांच्या हातातच राहिला. नारळ कुणी फोडायचा यावर कुजबुज झाली, तर साखराबाईच म्हणाली, ‘‘ज्याचं नाव खराब केलं त्याला बोलवा, त्यो फोडंल. तवर मशीन हितंच ऱ्हाऊंद्या.’’ आणि गावाने ते मान्य केले. तळ्याचे काम अडले आहे, दिवस जात आहेत, पण दुसऱ्याला वर बसवायला कुणी तयार नाही. मीही वर चढायचे नाही असे ठरले. ते मला सांगायची गरज नव्हती.

परवापासून टँकर आला की मी रांगेत शेवटी उभा राहतो. काल माझ्यापर्यंत पाणी पोचले. साखराबाईने घागर भरली, माझ्याकडे बघितले नाही. मी आंघोळ करत नाही. हे पुण्य म्हणून लिहीत नाही, खाज सुटते आणि गीता माझ्यापासून लांब झोपते. पहिल्या दिवशी आंघोळीवाचून घास उतरत नव्हता, आता पारोसाच जेवतो. गाव कसे दिवस काढत होते ते आत्ता कळते आहे.

आक्का, तू माझी मोठी बहीण. आई गेल्यावर तूच मला वाढवलेस. तुझ्या पोराला मी माझ्या हाताने मशीनवर बसवले आणि माझ्या जिभेने उतरवले, आणि वर तुला लिहिले की शिकताना चुका होतात. ते वाक्य तुझ्या घरात मोठ्याने वाचले गेले असेल. तो शेजारच्या खोलीत बसून ऐकत असेल. ह्या सगळ्यात मला त्या वाक्याचीच जास्त लाज वाटते. पाणी चोरले त्यापेक्षाही.

चिंधी पाकिटात ठेवली आहे. तुझी आहे, तुझ्याकडे ठेव.

आता पुढचे बंकटला.

बंकट, इथपर्यंत काही गाळले नसशील तर तुझ्या आईचे तोंड बघायला मान वर करू नकोस, वाचून संपव. गाळले असशील तर मागे जा आणि वाच. माझ्यासाठी आजवर गप्प राहिलास तेवढे पुरे झाले.

रविवारच्या पहिल्या बसने ये. मी वडवणीच्या स्टँडवर असेन. मशीन पाराजवळ उभे आहे. गेअरचे तेल गार असताना बघ आणि तापल्यावरही बघ, माझ्या शब्दावर विसंबू नकोस. नारळ तुझ्या हातचा. मी तुझ्या पाया पडेन, सगळ्या गावासमोर, खंडेनवमीला पडलो तसा. तेव्हा तू पाय मागे घेत होतास.

ह्या वेळी घेऊ नकोस. ह्या वेळी माझी आंघोळ झालेली नसेल.

तुझा मामा